सीबीआयच्या शाखेत सरकारी वकील: प्रकरण कच्चं असेल तर ‘नाही’ म्हणता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा न्यायालयात आठ-नऊ वर्षं फौजदारी वकिली केली, तीही बहुतेक आरोपीच्या बाजूने. आता केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतून सीबीआयच्या सरकारी वकील पदासाठी अर्ज करावा असं मनात आहे. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे बदलीची धास्ती आहे. बारमधले ज्येष्ठ म्हणतात, “तिथे वकील नसतो, तपास अधिकाऱ्याने लिहून दिलेलं वाचून दाखवणारा माणूस असतो.” आणि शेवटी तुम्ही विचारलंय, प्रकरण कच्चं वाटलं तर नाही म्हणता येतं का?

मी याच कामातून निवृत्त झाले. विभागीय शाखांमध्ये, म्हणजे दिल्लीपासून लांब, जिल्ह्यातल्या विशेष न्यायालयांसमोर माझी बहुतेक नोकरी गेली. पगार, बदली, पात्रता यांची उत्तरं नियमांत सापडतात, ती शेवटी देते. तुमचा खरा प्रश्न ज्येष्ठांच्या त्या वाक्यात आणि तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. आजवर तुम्हाला अशील होतं. त्याच्या हिताकडे बघून काय बोलायचं आणि काय नाही हे ठरत होतं. सरकारी वकिलाला त्या अर्थाने अशीलच नसतं. तपास यंत्रणा अशील नाही, तक्रारदार नाही, सरकारही नाही. मग तुमचं मत कोण ठरवतं आणि ते तुम्हाला कुठे मांडता येतं, हे कळल्याशिवाय अर्ज करू नका.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधीच मान्य करते. लाचलुचपत शाखेतलं काम वेगळं, बँक घोटाळ्यांच्या शाखेतलं वेगळं. एके ठिकाणी दोन-तीन तास चाललेल्या सापळ्यावर खटला उभा असतो, दुसरीकडे दहा वर्षांच्या कर्जखात्यांची कपाटं भरलेली असतात. शाखाप्रमुख कसा आहे, विशेष न्यायाधीश तारखा कशा देतात, तुमच्याबरोबर आणखी किती वकील आहेत, यावर रोजचा दिवस ठरतो. माझा अनुभव मुख्यतः लाचलुचपतीच्या खटल्यांचा आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

आधी रचना. सीबीआय १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याखाली तपास करते. सीबीआय हे नाव १ एप्रिल १९६३ च्या ठरावाने मिळालं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूरला शाखा आहेत, गोव्यातही आहे. प्रत्येक शाखेत तपास अधिकाऱ्यांबरोबर सरकारी वकील बसतात, पण त्यांची शिडी वेगळी असते. सहायक सरकारी वकील, सरकारी वकील, वरिष्ठ सरकारी वकील, मग विधि सल्लागारांची पदं आणि सर्वात वर अभियोग संचालक. लोकपाल कायदा आला तेव्हा १९४६ च्या कायद्यात कलम ४बीए घालून अभियोग संचालनालयाला कायद्याचा आधार मिळाला. अभियोग संचालक किमान सहसचिव दर्जाचा असावा लागतो, नेमणूक केंद्रीय दक्षता आयोगाच्या शिफारशीने होते. मात्र त्याच कलमात हेही लिहिलं आहे की अभियोग संचालक सीबीआयच्या संचालकांच्या एकंदर देखरेखीखाली काम करेल. म्हणजे स्वातंत्र्य आहे, पण ते एकाच छपराखालचं आहे.

राज्यातली व्यवस्था तुम्ही रोज बघता. राज्य लोकसेवा आयोगातून आलेले सहायक सरकारी अभियोक्ता एकेकाळी पोलीस खात्याच्या ताब्यात होते. १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्य सरकारला सांगितलं की अभियोक्त्यांचा संवर्ग पोलिसांपासून वेगळा करा. त्याच्या आदल्या वर्षी हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात, तेही महाराष्ट्रातूनच गेलेलं, न्यायालयाने म्हटलं होतं की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, त्याने स्वतःचं डोकं वापरून अहवाल द्यायचा आहे. तो टाडाखाली, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली, आरोपीची कोठडी वाढवून मागण्याचा विषय होता. पोलिसांचा अर्ज तसाच पुढे सरकवणं म्हणजे सरकारी वकिलाचा अहवाल नव्हे, असं त्यात स्पष्ट झालं. हे दोन निकाल मुळातून वाचा. तुमच्या ज्येष्ठांना द्यायचं उत्तर त्यांत आहे.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात किंवा २६/११ च्या खटल्यात उज्ज्वल निकम यांनी जे काम केलं, ते विशेष सरकारी वकील म्हणून. ती नेमणूक एका खटल्यापुरती असते. शाखेतला पगारी सरकारी वकील एकाच वेळी अनेक खटले सांभाळतो, त्याचं नाव वर्तमानपत्रात येत नाही, आणि त्याच्या कामाचा मोठा वाटा न्यायालयात जाण्याआधीच संपलेला असतो.

‘नाही’ म्हणायची खरी जागा तीच. तपास संपला की तपास अधिकारी अंतिम अहवाल लिहितो: आरोप काय, कोणता साक्षीदार काय सांगतो, कोणता दस्तऐवज काय सिद्ध करतो, बचाव काय असू शकतो. मग फाइल तुमच्याकडे येते. तुम्ही स्वतंत्र मत लिहिता: कोणत्या कलमाखाली कोणावर खटला टिकतो, कोणावर टिकत नाही, कोणता दुवा सुटलाय. त्यानंतर शाखाप्रमुख आपलं मत लिहितो आणि आरोपीच्या हुद्द्याप्रमाणे फाइल दोन्ही शिड्यांनी वर जाते. तुमचं मत शेवटचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. सरला प्रकरणात सांगितलंय की दोषारोपपत्र दाखल करायचं की नाही हा निर्णय तपास यंत्रणेचा आहे, सरकारी वकिलाचा नाही. पण तुम्ही लिहिलेलं पान फाइलमधून काढता येत नाही. वरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते वाचूनच पुढे लिहावं लागतं, आणि तुमच्याशी असहमत व्हायचं तर कारण द्यावं लागतं. ज्याने नऊ वर्षं सरकारी पुराव्यातली भोकं शोधली, त्याच्यासाठी याहून योग्य जागा मला माहीत नाही.

आकड्यांत दाखवते. उदाहरण रचलेलं आहे, पण यातला प्रत्येक मुद्दा मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. बेहिशोबी मालमत्तेचं, म्हणजे अपसंपदेचं प्रकरण. केंद्रीय खात्यातला एक अभियंता. तपासाचा कालावधी धरला की चार तक्ते तयार होतात. ‘ए’ म्हणजे सुरुवातीची मालमत्ता, ‘बी’ म्हणजे शेवटची, ‘सी’ उत्पन्न, ‘डी’ खर्च. समजा तपास अधिकाऱ्याच्या हिशोबाने उत्पन्न ८० लाख, खर्च ३० लाख, म्हणजे बचत ५० लाख व्हायला हवी. प्रत्यक्षात मालमत्ता वाढली ९० लाखांनी. तफावत ४० लाख, उत्पन्नाच्या ५० टक्के. कागदावर प्रकरण भक्कम दिसतं.

आता फाइल उलगडायची. घरखर्चाचा पुरावा नसेल तर पगाराच्या एक तृतीयांश धरायची पद्धत आहे, ती बरोबर लावलीय का? आरोपीच्या गावी वडिलोपार्जित जमीन आहे. सातबारा जोडलाय, पण शेतीचं उत्पन्न शून्य धरलंय. का? सातबाऱ्यावर ऊस दिसतो म्हणून उत्पन्न मान्य करायचं नाही, पण गाव नमुना बाराची पीकपाहणी, साखर कारखान्याची बिलं आणि बँकेत जमा झालेली रक्कम यांचा मेळ बसत असेल तर १८ लाख बाजूला ठेवता येत नाहीत. पत्नी शिकवण्या घेते आणि त्या वर्षांची विवरणपत्रं तपास सुरू होण्याच्या बरीच आधी भरलेली आहेत. ते ८ लाख. फ्लॅटची पूर्ण किंमत मालमत्तेत आहे, गृहकर्जाचे हप्ते खर्चात आहेत, पण कर्ज म्हणून मिळालेले १२ लाख जमेच्या बाजूला कुठेच नाहीत. तिन्ही दुरुस्त्या केल्यावर जमा ११८ लाख, खर्च वजा जाता ८८ लाख, आणि मालमत्तेतली वाढ ९० लाख. तफावत २ लाखांवर आली. कृष्णानंद अग्निहोत्री प्रकरणापासून न्यायालयं दहा टक्क्यांच्या आतल्या तफावतीकडे उदारपणे बघतात, त्यामुळे हा खटला उभाच राहत नाही.

असं पान लिहायला धाडस लागतं असं लोक म्हणतात. माझ्या मते धाडसापेक्षा बैठक जास्त लागते. ‘पुरावा अपुरा वाटतो’ एवढंच लिहिलंत तर तुमचं मत बाजूला पडेल आणि ते योग्यच असेल. प्रत्येक आकड्यापुढे दस्तऐवजाचं पान लिहिलंत तर वाचणाऱ्याला तो आकडा खोडून दाखवावा लागतो. उलटही तितकंच खरं आहे. आरोपीने छाप्यानंतर घाईघाईने भरलेली विवरणपत्रं आणि मेहुण्याच्या नावाचे उसनवारीचे कागद समोर ठेवले, तर ते का मानू नयेत हेही तितक्याच बारकाईने लिहायचं असतं. कच्चा खटला अडवणं आणि पक्का खटला निसटू न देणं, दोन्ही एकाच टेबलावर होतं.

शिवाय ‘खटला भरा’ आणि ‘फाइल बंद करा’ यांच्यामध्ये एक वाट असते, ती खासगी वकिलीतून येणाऱ्यांना सहसा माहीत नसते. फौजदारी गुन्हा संशयापलीकडे सिद्ध होणार नाही, पण कर्मचाऱ्याने नियम मोडलेत हे दिसतंय, अशा वेळी त्याच्या खात्याला विभागीय कारवाईची शिफारस करता येते. तिथे पुराव्याचा निकष वेगळा असतो. एखाद्या लिपिकाला पाच-सात वर्षं विशेष न्यायालयात फिरवून शेवटी निर्दोष सोडवण्यापेक्षा ती शिफारस अनेकदा जास्त न्याय्य असते. मी ती मोकळेपणाने वापरली.

पुढचा टप्पा सँक्शनचा, म्हणजे सरकारी नोकरावर खटला भरायच्या मंजुरीचा. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली, नोकरीवरून काढण्याचा अधिकार ज्याला आहे त्यानेच मंजुरी द्यायची असते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम १७ए आलं. कर्तव्य बजावताना घेतलेल्या निर्णयाबद्दल तपास करायचा तर तिथेही आधी मंजुरी लागते, फक्त जागच्या जागी लाच घेताना पकडण्याच्या प्रकरणात नाही. हे तांत्रिक वाटतं, पण इथेच कितीतरी खटले वर्षानुवर्षं अडकतात. नंजप्पा प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने दिलेल्या मंजुरीवर चाललेला खटला मुळातच टिकत नाही, मग तो कितीही पुढे गेलेला असो. त्यामुळे आरोपीची नेमणूक कोणी केली, तेव्हाचा आणि आजचा सक्षम अधिकारी कोण, याचा आदेश मी दोषारोपपत्राआधी स्वतः बघत असे. मंजुरी देणारा अधिकारी पुढे साक्षीला येतो तेव्हा बचावाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मसुदा तुम्हाला तयार आला होता का?” त्याने कागद खरोखर वाचलेले असतील, तरच त्याला उत्तर देता येतं.

महाराष्ट्रातल्या शाखेत आणखी एक तारीख डोक्यात ठेवावी लागते. सीबीआयला राज्यात तपास करायचा तर १९४६ च्या कायद्याच्या कलम ६ खाली राज्याची संमती लागते. आपल्या राज्याने सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा दिली. त्या मधल्या काळात नोंदलेल्या गुन्ह्यांत बचाव पक्ष अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढणारच. त्याचं उत्तर दोषारोपपत्रासोबतच तयार असायला हवं.

आता न्यायालय. राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या खटल्यांत तुम्ही अँथ्रासीन पावडर आणि अतिनील दिवा पाहिला असेल. सीबीआयच्या सापळ्यात फिनॉल्फ्थॅलिन असतं. नोटांना पावडर लावतात, नोटा हाताळलेला हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवला की पाणी गुलाबी होतं. नवख्या वकिलाला वाटतं, बाटलीतलं गुलाबी पाणी दाखवलं की झालं. त्याने फक्त नोटांशी स्पर्श सिद्ध होतो. मागणी सिद्ध झाली नाही तर बाटलीचा उपयोग नाही. बी. जयराज प्रकरणात २०१४ साली हेच झालं: तक्रारदार फितूर झाला, मागणीचा दुसरा पुरावा नव्हता, शिक्षा रद्द झाली. पुढे १५ डिसेंबर २०२२ ला नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठाने स्पष्ट केलं की तक्रारदार मेला किंवा फितूर झाला तरी मागणी आणि स्वीकार इतर साक्षीदारांकडून किंवा परिस्थितीजन्य पुराव्याने सिद्ध करता येतात. मागणी सिद्ध करण्याची गरज मात्र तशीच राहिली. म्हणून माझी तयारी नेहमी दुसऱ्या साक्षीदारापासून, म्हणजे तक्रारदाराबरोबर आत गेलेल्या पंचापासून सुरू व्हायची.

हे पंच बहुधा दुसऱ्या सरकारी कार्यालयातले किंवा सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी असतात. सापळ्यानंतर पाच-सहा वर्षांनी त्यांना समन्स जातं. तोवर बदली झालेली असते, निवृत्ती झालेली असते, घरी आजारपण असतं. न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळपासून बसून संध्याकाळी ‘पुढची तारीख’ ऐकलेला माणूस तिसऱ्या खेपेला मनाने आपल्या बाजूचा राहत नाही. हे मी फार गांभीर्याने घेतलं. पैरवी अधिकाऱ्याला, म्हणजे खटल्याचा पाठपुरावा करणाऱ्या कर्मचाऱ्याला, आदल्या दिवशी फोन करायला लावायचा, प्रवासभत्त्याचा अर्ज त्याच दिवशी करायचा, वेळ मिळत नसेल तर न्यायाधीशांना उभं राहून विनंती करायची की बाहेरगावचा साक्षीदार आधी घ्या. साक्षीदाराला पिंजरा कुठे, प्रश्न कोण विचारतं, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायला हरकत नाही, एवढं समजावणं योग्य आहे. उत्तर काय द्यायचं हे सांगणं योग्य नाही. तो फितूर झालाच तर न्यायालयाच्या परवानगीने त्याचाच उलटतपास घ्या, आणि लक्षात ठेवा, फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच बाद होत नाही. पंचनाम्यावरची सही आणि जागेवरची हजेरी त्याने मान्य केली, तरी तेवढी साखळी उरते.

दुसरी जोखीम ध्वनिमुद्रणाची. सापळ्याआधी पडताळणीचं संभाषण छोट्या रेकॉर्डरवर घेतात. आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादातून, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणातून, १४ जुलै २०२० ला निकाल आला की मूळ उपकरण न्यायालयात नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी चं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ६३ मध्ये गेलं, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झाले: एक उपकरणाचा ताबा असणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, त्यात हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळायचा आकडा, लिहायचं. मेमरी कार्ड कोणी काढलं, कोणासमोर सील केलं, प्रत कोणत्या संगणकावर केली, ही साखळी तपास सुरू असतानाच विचारायची. साक्षीच्या आदल्या रात्री ती तयार करता येत नाही.

नव्या कायद्यांबद्दल आणखी एक. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर भारतीय दंड संहिताच लागते, नवी न्याय संहिता नाही. त्या दिवशी जो तपास किंवा खटला चालू होता, तो जुन्या प्रक्रिया संहितेनेच चालतो. तुमच्या हातात येणारे बहुतेक खटले जुनेच असतील, त्यामुळे पुढची काही वर्षं दोन्ही पुस्तकं टेबलावर लागतील.

तुम्ही आरोपीच्या बाजूने काम केलंय याचा अडथळा होईल का, अशी शंका तुमच्या प्रश्नात दिसते. मला ती जमेची बाजू वाटते, विशेषतः एका कामासाठी. तपासात गोळा झालेलं सगळंच दोषारोपपत्रात येत नाही. काही जबाब, काही दस्तऐवज बाजूला राहतात, आणि त्यांत कधी आरोपीच्या फायद्याचंही असतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबद्दलच्या स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात सांगितलं की अभियोग पक्ष ज्यावर विसंबत नाही अशा कागदपत्रांचीही यादी आरोपीला दिली पाहिजे. ती यादी प्रामाणिकपणे करणं सरकारी वकिलाच्या हातात असतं. मी हे कलम-परिच्छेदासाठी करत नव्हते. समोरचा माणूस नोकरी, पेन्शन, इभ्रत गमावण्याच्या उंबरठ्यावर असतो. त्याच्या बाजूचा कागद माझ्या कपाटात राहून त्याला शिक्षा झाली, तर ती शिक्षा मला नको होती. तुम्ही त्या बाजूला बसलेले आहात, असा कागद वेळेवर मिळाला नाही की काय होतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

निकाल लागल्यावरही मत लिहायचं असतं: अपील करावं की नाही. निर्दोष सुटकेवर अपील सुचवण्याचा दबाव आपोआप तयार होतो, कारण ‘अपील नको’ लिहिणाऱ्याला प्रश्न विचारले जातात आणि ‘करा’ लिहिणाऱ्याला नाही. तिथेही तोच नियम: निकालातला कोणता निष्कर्ष पुराव्याच्या विरुद्ध आहे हे पानासकट दाखवता आलं तरच अपील. खटला मागे घेण्याचा अर्ज हा याहून दुर्मीळ विषय. तो नव्या प्रक्रिया संहितेच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ३६० खाली सरकारी वकीलच करतो, न्यायालयाच्या संमतीने, आणि सीबीआयच्या प्रकरणांत केंद्राची परवानगी लागते. सूचना कुठूनही आली तरी अर्जावर सही तुमची असते, म्हणून कारणही तुम्हाला पटलेलं हवं.

आता व्यवहाराचं. सरकारी वकील पदासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते, तो निकष प्रक्रिया संहितेतच आहे (नव्यात कलम १८). तुमची आठ-नऊ वर्षं त्यात बसतात, पण वकालतनामे, रोजनाम्याच्या नकला, बार असोसिएशनचा दाखला आत्तापासून जमवा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात हे होत नाही. सहायक सरकारी वकिलाचं पद खालच्या पायरीचं आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सरकारी वकिलाचा स्तर १०, मूळ वेतन ५६,१०० पासून. सहायकाचा स्तर ७, म्हणजे ४४,९०० पासून. त्यावर महागाई आणि घरभाडं. तुमची वकिली चांगली चालत असेल तर सुरुवातीला उत्पन्न कमी होईल. खासगी वकिली पूर्ण बंद, घरच्या माणसाचा दिवाणी दावासुद्धा चालवता येत नाही.

बदली भारतभर होऊ शकते आणि हे गृहीत धरूनच निर्णय घ्या. पती-पत्नी दोघेही सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एका ठिकाणी ठेवावं अशी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, एक केंद्राचा आणि एक राज्याचा कर्मचारी असला तरी विनंती करता येते. ‘शक्यतो’ हा शब्द त्यात महत्त्वाचा. महाराष्ट्र-गोव्यात शाखा मोजक्याच आहेत. तुमच्या पत्नीची आंतरजिल्हा बदली मुंबई, पुणे किंवा नागपूरजवळ होण्याची कितपत शक्यता आहे, हे आधी बघा. मुलांच्या शाळेच्या वर्षांत एकाने एकट्याने राहायची तयारी दोघांनी बोलून ठरवलेली असेल तरच पुढे जा.

पुढे जिल्हा न्यायाधीश व्हायची इच्छा असेल तर दार बंद होत नाही. दीपक अग्रवाल प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की न्यायालयात खटले चालवणारा पगारी सरकारी वकील हा वकीलच राहतो आणि थेट भरतीसाठी पात्र ठरतो.

अर्ज करण्याआधी एक काम करा. तुमच्याकडचा एखादा निकाली खटला घ्या, जिथे तुमचा आरोपी सुटला होता. दोषारोपपत्र पुन्हा वाचा आणि ते दाखल होण्याआधी फाइल तुमच्यासमोर आली असती तर काय मत लिहिलं असतं ते दोन पानांत लिहा, प्रत्येक वाक्यापुढे दस्तऐवजाचा क्रमांक टाकून. मग ज्या खटल्यात शिक्षा झाली त्याचं तेच करा. दुसरं मत लिहिताना हात जड झाला, आरोपीच्या बाजूचे मुद्दे आपोआप फुगायला लागले, तर अजून वर्षभर थांबून पुढच्या जाहिरातीला अर्ज करा. दोन्ही मतं सारख्याच शांतपणे लिहिता आली तर या वेळीच भरा. मुलाखतीला जाताना त्या चार पानांतले मुद्दे डोक्यात ठेवा, कलमांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होईल.